पाच, तीन आणि भुंगा

परसबागेत, गॅलरीच्या गजांवर किंवा कुंपणाच्या जाळीवर चढवल्या जाणाऱ्या फुलवेलींमध्ये कृष्णकमळाइतकी मोजली गेलेली वेल बहुधा दुसरी नसेल. जाईजुईचा वास घेतला जातो, मधुमालतीचे झुबके लांबून पाहिले जातात, गोकर्ण देवाला वाहिली जाते. कृष्णकमळाचे फूल मात्र हाती आले की घरातले कोणी वडीलधारे माणूस ते मुलांपुढे धरते आणि बोटाने एकेक भाग दाखवत मोजणी सुरू करते. कडेने पसरलेले जांभळे-निळे तंतू म्हणजे शंभर कौरव, त्यांच्यावर उभारलेले पाच पिवळसर भाग म्हणजे पाच पांडव, आणि सर्वांत वरचे तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. मधल्या हिरव्या गोळीला कोणी द्रौपदी म्हणते, कोणी कृष्ण, तर कोणाला सबंध वलयातच सुदर्शनचक्र दिसते. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो, पण पाच आणि तीन हे आकडे बदलत नाहीत, आणि शंभराची खातरजमा करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

महाभारताशी इतके घट्ट नाते सांगणारी ही वेल भारतातली नाही. कृष्णकमळ हे कोणा एकाच जातीचे नाव नसून ‘पॅसिफ्लोरा’ या प्रजातीतल्या, म्हणजे एका वंशातल्या जवळच्या जातींच्या गटातल्या, अनेक वेलींना आपल्याकडे ते सरसकट दिले जाते. या गटात पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या मोजक्या आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांवरच्या, बाकी जवळजवळ सगळ्या अमेरिका खंडांतल्या, त्यातही मुख्यतः दक्षिण व मध्य अमेरिकेच्या उष्ण जंगलांतल्या. जांभळ्या तंतूंची बागवेल, निळसर पांढऱ्या फुलांची वेल, लाल फुलांची वेल आणि सरबताच्या फळासाठी लावली जाणारी ‘पॅशन फ्रूट’ची वेल या एकाच वंशातल्या बहिणी होत. मिरची, काजू, पेरू, अननस आणि सीताफळ ज्या अमेरिकेतून आले तिथलीच ही पाहुणी असल्यामुळे तिच्या फुलात कौरव-पांडव पाहण्याची रीत, कितीही जुनी वाटली तरी, सोळाव्या शतकाच्या मागे नेता येत नाही. म्हणून ती रीत खोटी ठरते असे नाही. लोकांची पुराणे नव्या वस्तूंना किती सहज पोटात घेतात, एवढेच त्यावरून दिसते.

याच फुलाची याआधी एक मोजणी झाली होती, आणि ती रोममध्ये झाली होती. सोळाव्या शतकात पेरू आणि मेक्सिकोत पोहोचलेल्या स्पॅनिश धर्मप्रसारकांना आणि वैद्यांना या फुलात येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांच्या खुणा दिसू लागल्या होत्या. जियाकोमो बोसिओ हा धर्मेतिहासकार त्या काळात क्रुसाच्या महिम्यावर एक मोठा ग्रंथ लिहीत होता. मेक्सिकोत जन्मलेल्या एका ऑगस्टिनी पंथाच्या साधूने रोमला येऊन त्याला या फुलाची चित्रे दाखवली, तेव्हा प्रकार इतका अद्भुत वाटला की ग्रंथात तो घ्यावा की नाही याविषयी बोसिओच साशंक झाला. पुढे नव्या मुलखातून आलेल्या इतर धर्मगुरूंनी दुजोरा दिल्यावर त्याने 1610 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात फुलाचे सविस्तर विवरण केले. तंतूंचे वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच म्हणजे पाच जखमा, वरचे तीन म्हणजे क्रुसावर ठोकलेले तीन खिळे आणि मधला दांडा म्हणजे येशूला ज्याला बांधून फटके मारले तो खांब. तंतूंची संख्या त्याने बहात्तर सांगितली, कारण परंपरेने काट्यांच्या मुकुटातले काटे बहात्तर मानले जात. पुढच्या पिढ्यांनी यात भर घालून दहा पाकळ्यांचे दहा शिष्य केले (बारांपैकी येशूला नाकारणारा पीटर आणि त्याचा घात करणारा जुडास हे दोघे वगळून), तणाव्यांचे चाबूक केले आणि टोकदार पानांचे भाले. ‘पॅसिफ्लोरा’ हे शास्त्रीय नावही या यातनाकथेवरूनच बेतलेले असून लिनियसने 1753 सालच्या आपल्या ग्रंथात तेच कायम केले.

या चित्रांचा पुढचा प्रवास गमतीदार आहे. युरोपातल्या सुरुवातीच्या छापील चित्रांत फुलाचे तंतू हळूहळू खरोखरीच्या काट्यांसारखे आणि वरचे तीन भाग हातोड्याने ठोकण्याजोग्या खिळ्यांसारखे होत गेले, म्हणजे अर्थाने आकाराला गिळले. 1629 साली जॉन पार्किन्सन या इंग्रज औषधिकाराने आपल्या बागविद्येच्या ग्रंथात या वेलीचे स्वतः पाहून काढवलेले चित्र आणि जेझुइटांचे काल्पनिक चित्र अशी दोन्ही छापली, आणि दुसऱ्याची यथेच्छ टिंगल केली. पार्किन्सन प्रॉटेस्टंट देशातला होता, तेव्हा त्याच्या टिंगलीत पंथाभिमान नव्हता असे म्हणता येणार नाही. तरीही आधी फूल पाहा आणि मग बोला हा त्याचा आग्रह बागवानाचाच होता. जपानमध्ये याच फुलात लोकांना यातना किंवा युद्ध न दिसता घड्याळ दिसले: तंतूंची तबकडी आणि तिच्यावर फिरणारे तीन काटे. एकाच आकारातून क्रूस, कुरुक्षेत्र आणि घड्याळ निघते, यावरून हे सगळे वाचन मनमानी आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो पुरता न्याय्य नाही. या तिन्ही वाचनांनी एक काम चोख केले आहे: सामान्यतः ज्या भागांकडे कोणी ढुंकून पाहत नाही ते फुलातले भाग त्यांनी माणसांना एकेक करून पाहायला लावले. गुलाबाचे पुंकेसर किती, हे गुलाब आयुष्यभर लावणाऱ्यालाही सांगता येणार नाही. कृष्णकमळाचे पाच आहेत हे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असते.

आता हे भाग वनस्पतिशास्त्राच्या भाषेत पाहू. सर्वांत खालची दहा दले दोन प्रकारची असतात: पाच संदले, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची दले, आणि पाच प्रदले, म्हणजे नेहमीच्या अर्थाने पाकळ्या; दोन्ही दिसायला इतकी सारखी की वरवर पाहणाऱ्याला दहा पाकळ्याच भासाव्यात. त्यांच्या आत तंतूंची एकापेक्षा अधिक वलये असतात. हे तंतू ना पाकळ्या ना पुंकेसर, तर या कुलाने स्वतंत्रपणे घडवलेला भाग, आणि म्हणूनच त्यांची संख्या जातीजातीत व काही अंशी फुलाफुलात कमीजास्त होते. बोसिओचे बहात्तर आणि आपले शंभर, दोन्ही श्रद्धेने भरलेले आकडे आहेत. पाच आणि तीन मात्र पक्के, कारण फुलाचा मूळ आराखडाच पाचाचा असून त्याचे बीजगृह तीन भागांच्या जोडणीतून बनते. तंतुवलयाच्या मधोमध एक दांडा उभा राहतो आणि त्याच्यावर नर व मादी असे दोन्ही भाग उचललेले असतात: खाली तोंड करून लोंबणारे पाच परागकोश, त्यांच्या वर किंजपुट म्हणजेच बीजगृह, ही पुढे फळ होणारी हिरवी गोळी, आणि गोळीच्या माथ्यातून फुटणारी तीन किंजले, म्हणजे परागकण जिथे रुजायचे त्या किंजल्कांना धरणारे देठ. बहुतेक फुलांत हे भाग पाकळ्यांच्या तळाशी बसलेले असतात. इथे ते मंचावर चढवल्यासारखे उंच धरलेले आहेत, आणि हा दांडा नेमका एवढ्याच उंचीचा का, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुराणात मिळत नाही.

ते उत्तर सकाळी वेलीजवळ थोडा वेळ उभे राहिले तर घोंघावत येते. काळा, तकतकीत, जाड अंगाचा आणि उन्हात पंखांवर निळी-जांभळी झाक मारणारा हा भुंगा लाकडात भोक पाडून घर करतो, म्हणून त्याला सुतार भुंगा असेही म्हणतात, आणि शास्त्रीय वर्गीकरणात तो मधमाश्यांच्या कुलातला आहे. फुलावर उतरला की तो तंतुवलयावर पाय रोवतो आणि दांड्याच्या बुडाशी असलेल्या कड्यासारख्या खोबणीतला मकरंद पिण्यासाठी डोके खाली घालून गोल फिरू लागतो. तंतूंची पातळी आणि परागकोशांची पातळी यांतले अंतर त्याच्या अंगाच्या जाडीशी जुळणारे असते, त्यामुळे तो फिरताना खाली तोंड केलेले पाचही परागकोश त्याच्या पाठीवर पिवळी पूड चोळतात, आणि पुढच्या फुलात तीच पाठ खाली वाकलेल्या किंजल्कांना घासते. अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा हा गडी गेला आणि त्याच्या जागी सातेरी मधमाशी आली, तर ती तंतूंवर उभी राहून मकरंद पिते, परागकोशांवर चढून पराग गोळा करते आणि किंजल्कांना न शिवताच निघून जाते. फुलाच्या हिशेबी हा धंदा नसून लूट आहे. पाच पांडव आणि तीन देव ज्या उंचीवर उभे आहेत ती उंची भुंग्याच्या पाठीवरून ठरलेली आहे.

या यंत्रणेत वेळेचाही हिशेब आहे. फूल उमलते तेव्हा तिन्ही किंजले वर, परागकोशांपासून दूर, सरळ उभी असतात. नंतर ती हळूहळू कमानीसारखी बाहेर झुकतात आणि तासाभराच्या सुमारास परागकोशांच्या पातळीपर्यंत खाली येतात, म्हणजे आधी पराग देण्याला वाव आणि मागाहून पराग घेण्याला. काही फुलांत ती अजिबात वाकत नाहीत. अशी फुले भुंग्याला पराग देतात, पण स्वतः सहसा फळ धरत नाहीत, त्यामुळे दिसायला तंतोतंत सारखी असणारी दोन फुले प्रत्यक्षात वेगवेगळी भूमिका बजावत असतात. फूल एका दिवसाचे. फळासाठी लावल्या जाणाऱ्या वेलींमध्ये जांभळ्या फळाच्या प्रकाराची फुले पहाटे उमलून दुपारच्या सुमारास मिटतात, तर पिवळ्या फळाच्या प्रकाराची दुपारी उमलून रात्री मिटतात. दोन्ही शेजारी लावून त्यांचा संकर आपोआप होईल असे धरून चालणाऱ्याची या वेळापत्रकामुळे निराशा होते. कर्नाटकात कोडगूमधल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्रात या दोन प्रकारांच्या संकरातून ‘कावेरी’ हा वाण तयार झाला, तो माणसाच्या हाताने.

बागेत कृष्णकमळ लावणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार अशी की वेल फुलांनी लदलदते, पण फळ एकही धरत नाही. या तक्रारीचे मूळ बहुधा मातीत किंवा खतात नसून शेजारधर्मात असते. या वंशातल्या बऱ्याच जाती स्ववंध्य आहेत, म्हणजे आपलेच पराग आपल्या किंजल्कावर पडले तर ते नाकारतात; फळासाठी दुसऱ्या, वेगळ्या रोपाचे पराग लागतात. आता एका घरी वेल छान फुलली की शेजारीण काडी मागून नेते, तिच्याकडून तिची जाऊ नेते, आणि चार-सहा वर्षांत आळीतल्या प्रत्येक कुंपणावर कृष्णकमळ डोलू लागते. काडीपासून लावलेली वेल ही बीजापासून जन्मलेली नवी वेल नसते, ती मूळ वेलीचाच तुकडा असते. त्यामुळे दहा कुंपणांवर पसरलेली ही वेल वनस्पतीच्या दृष्टीने एकच व्यक्ती ठरते आणि भुंगा दिवसभर घरोघर फिरला तरी तो वेलीचे पराग वेलीलाच परत करत राहतो. ब्राझीलसारख्या, पॅशन फ्रूटचे सर्वाधिक उत्पादन घेणाऱ्या देशात, जिथे भुंगे पुरेसे नाहीत तिथे मजूर लावून बोटांनी पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर लावतात. बागेतल्या दोन-चार वेलींसाठी तेही करायला हरकत नाही, पण त्याआधी लांबच्या एखाद्या गावाहून वेगळी काडी किंवा बी मिळवावे हे अधिक शहाणपणाचे.

भुंग्याचा विषय निघाला की मराठी वाचकाला ज्ञानेश्वरी आठवल्याशिवाय राहत नाही. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290, मधल्या या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात, रणभूमीवर आप्तांच्या मायेने गळून गेलेल्या अर्जुनासाठी भ्रमराचा दृष्टान्त येतो: कसलेही कोरडे लाकूड पोखरणारा हा कीटक कोवळ्या कळीत सापडला तर मात्र तिला फोडत नाही. कठीण भेदणारा कोवळ्यापुढे हतबल होतो, हे स्नेहाचे वर्म तिथे उलगडलेले आहे. ही प्रतिमा संस्कृत सुभाषितांतही आहे आणि तिचा वापर इतका झाला आहे की तिच्यामागच्या निरीक्षणाकडे सहसा लक्ष जात नाही: फुले हिंडणारा आणि लाकूड पोखरणारा असा एकच कीटक असतो, ही गोष्ट ज्याने सुतार भुंगा पाहिला आहे त्यालाच सुचणारी आहे. कृष्णकमळ तेव्हा या भूमीवर नव्हते. पण ज्या फुलात आज घरोघरी कौरव आणि पांडव मोजले जातात, त्याच फुलावर त्याच युद्धाच्या आरंभी दृष्टान्त म्हणून आलेला भुंगा येऊन बसतो, हा योग कोणीही मुद्दाम जुळवलेला नाही आणि म्हणूनच कौरवांच्या शंभर तंतूंपेक्षा तो अधिक विलक्षण वाटतो.

फुलावरून नजर खाली उतरवली की वेलीचे दुसरे नवल दिसते ते तणाव्यांचे. तणावा म्हणजे पानाच्या बगलेतून निघणारा, आधार शोधून त्याला विळखा घालणारा बारीक दोरा. कृष्णकमळात तो फुलाच्याच कुळीतला आहे: फुलोऱ्याचा दांडा बदलून तणावा बनला, आणि म्हणून कळी बहुधा त्याच्याच शेजारी त्याच बगलेतून फुटते. चार्ल्स डार्विनने चढणाऱ्या वनस्पतींवरचा आपला अभ्यास आधी 1865 साली निबंध म्हणून आणि मग 1875 साली पुस्तक म्हणून प्रसिद्ध केला, त्यात या वंशातल्या एका नाजूक जातीला त्याने संवेदनशीलतेच्या बाबतीत सर्व तणावेवाल्या वेलींत पहिले स्थान दिले. तणाव्याला हलकेच स्पर्श केल्यावर अर्ध्या मिनिटाच्या सुमारास तो वाकू लागल्याचे त्याने नोंदले, आणि अत्यंत हलक्या धाग्याचा फासही त्याला पुरत असे. मात्र पाण्याचे थेंब पडले तर तोच तणावा ढिम्म राहतो. पावसाळी प्रदेशातल्या वेलीला हा विवेक असणे भागच आहे, नाहीतर आषाढातल्या प्रत्येक सरीला तिने विळखा घालण्याचा प्रयत्न केला असता. आधार पकडल्यानंतर तणावा अर्ध्या भागात एका दिशेने आणि अर्ध्या भागात उलट दिशेने पिळला जातो, कारण दोन्ही टोके बांधलेला दोरा एकाच दिशेने पिळता येत नाही. या पिळामुळे तो स्प्रिंगसारखा ताणतो व आखडतो आणि वाऱ्याने वेल हलली तरी तुटत नाही.

यातून मांडवाविषयी एक व्यावहारिक गोष्ट निघते, जी रोपवाटिकेत क्वचितच सांगितली जाते. तणावा बारीक वस्तूलाच विळखा घालू शकतो. जाड लोखंडी नळी, गुळगुळीत भिंत किंवा सिमेंटचा खांब त्याच्या उपयोगाचा नाही. तार, सुतळी, बांबूच्या कामट्या किंवा जाळी असेल तर वेल स्वतःच चढते आणि माणसाने जागोजाग दोऱ्या बांधण्याची गरज उरत नाही. बाकी लागवडीत फार काही गूढ नाही. दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती, लावताना शेणखत, आणि पुढे नत्राचा हात आखडता. नत्र जास्त झाले की वेल पानांनी माजते आणि फुलांचा विसर पडतो. फुले नव्या फुटीवर येतात, तेव्हा थंडी सरताना केलेली छाटणी वेलीला इजा करत नाही, उलट पावसाळ्यातल्या बहराची तयारी करून देते. उत्तर अमेरिकेतून आलेली जांभळी बागवेल मुळांतून दूरदूर फुटवे काढते आणि दोन वर्षांत शेजारच्या वाफ्यावर हक्क सांगू लागते. तिला मोठ्या कुंडीत ठेवणे हेच शेजाऱ्याशी संबंध टिकवण्याच्या दृष्टीने बरे. लाल फुलांच्या जाती मुळात भुंग्यांसाठी नव्हे तर अमेरिकेतल्या गुंजन पक्ष्यांसाठी घडलेल्या आहेत. आपल्याकडे ते पक्षी नाहीत, त्यांची जागा शिंजीर घेतात.

या वेलीच्या पानांभोवती चालणारा संघर्ष फुलाइतकाच पाहण्याजोगा आहे. पानाच्या देठावर बारीक उंचवटे असतात आणि त्यांतून गोड रस पाझरतो. फुलाबाहेर ठेवलेला हा मकरंद मुंग्यांसाठी असतो, आणि मुंग्या त्याच्या मोबदल्यात वेलीवर फिरून अंडी व अळ्या उचलून नेतात. वेलीवर मुंग्या दिसताच पांढरी पूड फवारणारे बागवान आपल्याच पहारेकऱ्यांना मारतात. अर्थात मुंग्या धुतल्या तांदळासारख्या नसतात: पिठ्या ढेकूण आले तर त्यांचा गोड स्राव खाण्यासाठी त्या त्यांनाही सांभाळतात, त्यामुळे मुंग्या कशासाठी आल्या आहेत हे वाकून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. अमेरिकेत या वेलींचे खरे वैरी ‘हेलिकोनियस’ वंशातले फुलपाखरू. वेलीची पाने खाऊन वाढणाऱ्या त्याच्या अळ्यांना टाळण्यासाठी काही जातींनी पानांवर वा देठांवर पिवळे ठिपके घडवले आहेत, जे हुबेहूब त्याच्या अंड्यांसारखे दिसतात. जागा आधीच भरली आहे असे समजून मादी दुसरीकडे जाते. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे खोटे ठिपके अंडी घालण्याचे प्रमाण खरोखर कमी करतात हे दिसून आले.

भारतात ते फुलपाखरू नाही, पण त्याच्या उपकुलातली एक दूरची बहीण आहे. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेले, जमिनीलगत संथपणे उडणारे हे फुलपाखरू मराठीत कृष्णकमलिनी म्हणून ओळखले जाते. कृष्णकमळ येण्यापूर्वी त्याच्या अळ्या इथल्या काही रानवनस्पतींवर जगत आणि अजूनही जगतात. त्यांतली पश्चिम घाटातली एक मोठी रानवेल कृष्णकमळाच्याच कुलातली आहे, त्यामुळे अमेरिकेतून आलेली ही पाहुणी त्यांना अनोळखी वाटली नसावी. पानात सायनाइड सोडू शकणारी संयुगे असतात आणि ती इतर बऱ्याच कीटकांना दूर ठेवतात, पण या अळ्या ती पचवतात. पुढे फुलपाखरूही पक्ष्यांना बेचव लागते, म्हणून त्याला घाईने उडण्याची गरज पडत नाही, आणि पकडले तर ते मेल्याचे सोंग घेऊन पिवळा द्रव सोडते. कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला, पडीक जागी वाढणारी कृष्णकमळाची एक उग्र वासाची रानटी जात, जिची फळे केसाळ, चिकट जाळीत गुंडाळलेली असतात, तीही या फुलपाखराला चालते. आग्नेय आशियात ही जात तणासारखी पसरल्यामुळे फुलपाखरालाही पुढचा रस्ता मिळाला आणि मूळचे दक्षिण आशियातले हे फुलपाखरू 2012 साली उत्तर ऑस्ट्रेलियात जाऊन पोहोचले. अमेरिकेतली वेल पूर्वेकडे आली, आणि तिच्या मागोमाग इथले फुलपाखरू आणखी पूर्वेकडे गेले.

बागवानापुढे मात्र प्रश्न साधा असतो: तांबूस, काटेरी अळ्यांनी आठवडाभरात अर्धी वेल फस्त केली, आता काय करावे? कीटकनाशक मारले तर अळ्या मरतील, पण त्याच फवाऱ्यात मुंग्या आणि भुंगेही जातील, आणि मग जी वेल वाचली ती फुलून कोणासाठी थांबेल हा प्रश्न उरतो. रुजलेल्या, सशक्त वेलीला पाने गमावणे फार जड जात नाही. पावसाचे दिवस असतील तर ती पुन्हा फुटते, आणि फुटीवर कळ्या येतातच, म्हणजे अळ्यांनी केलेली छाटणी आणि कात्रीने केलेली छाटणी यांत वेल फारसा भेद करत नाही. लहान रोप असेल तर अळ्या हाताने उचलून रस्त्याकडेच्या रानटी वेलीवर नेऊन सोडाव्यात, एवढे पुरे.

भुंग्यांच्या बाबतीत अशी तडजोड शहरात अवघड होत चालली आहे. त्यांना राहायला सुके लाकूड लागते: जुना वासा, मेलेली फांदी, पोकळ बांबू. कौलारू घरांच्या आढ्यात आणि गोठ्यांच्या मेढीत त्यांची सोय आपोआप होत असे. काँक्रीटच्या इमारतींत ती होत नाही, आणि जिथे एखादा लाकडी मांडव उरला आहे तिथे त्याला भोके पडलेली दिसताच सोसायटीच्या बैठकीत औषध मारण्याचा ठराव होतो. भोक पाडलेला वासा लगेच कोसळत नाही, आणि नर भुंगा तोंडासमोर कितीही घोंघावला तरी त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरल्याशिवाय ती सहसा वापरत नाही. ब्राझीलमधले काही शेतकरी आपल्या वेलींजवळ भुंग्यांच्या घरट्यांसाठी मुद्दाम लाकूड आणि बांबू ठेवतात. इथेही मांडवाच्या एखाद्या बाजूला, पावसाचा थेट मारा लागणार नाही अशा जागी, बोटभर जाडीच्या पोकळीचे आणि एका टोकाला पेर बंद असलेले बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवले, आणि वठलेली फांदी जाळण्याऐवजी कुंपणाशी टेकवून ठेवली, तर मांडवाचे वासे बरेचसे वाचतात आणि भुंगा वेलीपासून हाकेच्या अंतरावर राहायला येतो.